जळक्या उतरणीचं फूल

१

बुधवारी सकाळी वनस्पती उद्यानात अशी बोंब उठली की ऐकणाऱ्याला वाटावं, मुडदाच पडला. गेलं होतं एक पान. झाडाचं नव्हे, संग्रहाचं. म्हणजे जाड पांढरा कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली एक वाळकी फांदी आणि कोपऱ्यात माहिती लिहिलेली चिठ्ठी. बाहेरच्या माणसाने त्यावर खुशाल चहाचा कप ठेवला असता. पण इथे अशी अकरा हजार पानं लोखंडी कपाटांत जपून ठेवलेली होती.

"स्टेनोबाई, बेचाळिसाव्या कप्प्यातलं हिवाळीचं पान नाही हो!" संग्रहपाल धापा टाकत आला. याला सगळे भिंगवाला म्हणत. आंघोळ करतानाही तो गळ्यातलं भिंग काढत नसावा, असा लोकांना दाट संशय होता.

स्टेनोबाई नोंदवही मिटून उठल्या. सव्वीस वर्षं त्या जजसाहेबांच्या कोर्टात लघुलेखक होत्या. साहेब बोलायचे, बाई टिपून घ्यायच्या. साहेबांना झाडांचं वेड. रविवारी लोक झोपा काढत तेव्हा हा माणूस खांद्याला पत्र्याचा डबा लावून डोंगर पालथे घाली. कोर्टामागच्या खडकाळ माळावर चार मित्रांना हाताशी धरून त्यांनी हे उद्यान उभं केलं. निवृत्त झाल्यावर ते इथेच येऊन बसू लागले आणि बाईंनाही त्यांनी बोलावून घेतलं. बाईंना नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. साहेबांचा शब्द ही त्यांना काळ्या दगडावरची रेघ होती, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बेचाळिसाव्या कप्प्यात हिवाळी या डोंगरी झुडपाची आठ पानं असायची. आता सात होती. कुलूप शाबूत, बाकी पानं जागच्या जागी. गेलेल्या पानाच्या जागी एक कोरी चिठ्ठी ठेवलेली. पान बाहेर काढणाऱ्याने त्या जागी नाव-तारखेची चिठ्ठी ठेवायची, हा साहेबांनीच घालून दिलेला नियम. म्हणजे चोराने चिठ्ठी ठेवली होती, फक्त नाव लिहिलं नव्हतं. ती पानं गुंडाळलेल्या बासनाची फीतही पुन्हा बांधलेली होती, पण जराशी सैल, आठाच्या आकड्यासारखी.

एवढ्यात उद्यान समितीचे चिटणीस आले. यांचं पोट आधी येई, मत त्याच्या मागोमाग. "किल्ल्या किती? तीन. एक साहेबांकडे, एक या भिंगवाल्याकडे आणि एक मुकादमाकडे. मग त्यात शोधायचं काय? चौदा वर्षं खुनाच्या शिक्षेत काढलेला माणूस! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, बाई."

"मुकादम आठ वर्षं इथे आहेत. एक कुंडी हलली नाही."

"शनिवारी सभा आहे. पान सापडलं नाही तर मुकादमाला काढायचं. नोकरीही जाईल आणि रोपवाटिकेतली खोलीही."

मुकादमांना त्या खोलीखेरीज जगात डोकं टेकायला जागा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. बाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत मला वेळ द्या. मी शोधते."

"तुम्ही?" चिटणीस हसले. "तुम्ही तर नुसतं लिहून घ्यायचात."

२

बाईंनी चौकशीला आधी भिंगवाल्याला घेतलं. तो रडकुंडीला आला होता.

"काल मंगळवारी कपाटं उन्हाला काढली होती ना, डांबरगोळ्या बदलायला. तेव्हा आठ पानं मी स्वतः मोजली. मुकादम आणि मी दोघांनी मिळून ती परत लावली. बासनांच्या फिती मात्र सगळ्या मीच बांधल्या, घट्ट."

"आणि ती पाहुणी संशोधक? ती हिवाळी बघत होती ना?"

"ती सोमवारीच गेली."

म्हणजे पाहुणी सुटली. भिंगवाल्याला बाईंनी मनातल्या मनात सोडून दिलं. पान चोरून स्वतःच बोंब मारण्याइतकं काळीज त्याच्यात नव्हतं. झुरळ दिसलं की तो स्टुलावर चढायचा.

मग त्या रोपवाटिकेत गेल्या. मुकादम वाफ्यात उकिडवे बसून तण काढत होते. उंच, वाळकासा माणूस. बोलणं मोजकं. महिन्यातून एकदा ते परगावी असलेल्या मुलीला पत्र टाकत आणि महिन्यातून एकदा ते न उघडता परत येई. टपालवाल्याच्या हातून ते पत्र घेताना त्यांचा चेहरा बघवत नसे, म्हणून बाई तेवढ्यापुरत्या आत जात.

"मुकादम, सरळ विचारते. पान तुम्ही घेतलंत का?"

मुकादमांनी हात झटकले. "बाई, मी दुसऱ्याची वस्तू आयुष्यात कधी घेतली नाही."

बाईंना हायसं वाटलं. एवढं ऐकायलाच त्या आल्या होत्या.

उरले साहेब. ते आपल्या खोलीत खिडकीशी बसले होते. समोर पुस्तक, पण ते उलटं. मागे एकदा एका रोपाची पाटी हरवली तेव्हा याच माणसाने तिघांना गुडघ्यांवर बसवून सबंध हिरवळ चाळायला लावली होती.

"साहेब, बेचाळीसमधलं पान..."

"राहू द्या, बाई," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एक पान गेलं तर गेलं."

बाई पुढे झाल्या. "अहो, मुकादमांवर आळ आलाय. शनिवारी त्यांना काढतील."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "काढू देणार नाही मी," ते म्हणाले. "पण शोधू नका."

इतक्या वर्षांत साहेबांनी कधी, शोधू नका, असं म्हटलेलं बाईंना आठवेना. त्या तशाच परतल्या आणि नोंदवही उघडली. उरलेल्या सात पानांशी नोंदी ताडून पाहिल्या, तर गेलेलं पान दोनच महिन्यांपूर्वी दाखल झालं होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या, त्या वारल्या. त्यांच्या पुतण्याने माळ्यावरची जुनी बासनं उद्यानाला देऊन टाकली, त्यांतलं हे. नोंद साहेबांच्या अक्षरात होती. स्थिती: फुलांसह. महिना: मे. फांदी तोडणाऱ्याचं नाव: रिकामं.

तोडणाऱ्या हाताचं नाव लिहिलंच पाहिजे, मग तो हमाल का असेना, हाही नियम साहेबांचाच होता.

पण बाईंची नजर 'मे'वर अडकली. हिवाळी थंडीत फुलते. नावातच थंडी आहे तिच्या. मे महिन्यात हिवाळीला फूल येत नाही, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. ऐकलंय कसलं, टिपून घेतलंय. आणि ते साहेबांच्याच तोंडचं होतं.

३

दुपारी बाई घरी गेल्या आणि पलंगाखालची पेटी ओढली. लघुलिपीच्या साऱ्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वीची वही सापडायला वेळ लागला नाही.

तो मुकादमांचाच खटला होता. तेव्हा ते मुकादम नव्हते. प्राध्यापिकाबाईंना डोंगरातून झाडपाला आणून देणारा तरणाबांड गडी होते. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. झाडं तोडण्यावरून एका वखारवाल्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि आठवड्याने, मे महिन्यातल्या एका दुपारी, वखारवाला डोक्यात कुऱ्हाड बसून मेला. आरोपीचं म्हणणं साधं होतं: त्या वेळी मी प्राध्यापिकाबाईंबरोबर दूर सुळक्याखालच्या उतरणीवर होतो, हिवाळीची फुलं तोडत होतो. पण प्राध्यापिकाबाईंना त्याच रात्री झटका आला होता. वाचा गेली, हात गेला. साक्ष देणार कशी? त्यांचं घर पुतण्याने बंद केलं होतं. वकिलाने माणूस पाठवला तर, इथे केरकचऱ्याशिवाय काही नाही, असं उत्तर आलं.

बाईंनी पुढचं पान उलटलं. आरोपी सांगत होता, "उतरणीला वणवा लागून गेला होता साहेब. जळालेल्या झुडपांना भलत्याच वेळी फुलं आली होती."

त्याखाली बाईंनीच कंसात टिपलं होतं: हशा.

आणि मग निकाल. "हिवाळी ही वनस्पती मे महिन्यात फुलत नाही, हे या न्यायालयास स्वतःच्या अभ्यासावरून ठाऊक आहे. सबब आरोपीचे म्हणणे विश्वासार्ह नाही." जन्मठेप. वरच्या कोर्टानेही तोच निकाल उचलून धरला.

बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. ही गोष्ट कुणा साक्षीदाराने सांगितली नव्हती. कुठल्या कागदात नव्हती. न्यायाधीश स्वतःच साक्षीदार झाला होता, आणि त्याची उलटतपासणी घेणार कोण? दुसऱ्या एखाद्या जजला हिवाळी कशाशी खातात तेही ठाऊक नसतं. त्याने निदान चौकशी केली असती. साहेबांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी विचारलं नाही.

आणि बाईंना अजून एक आठवलं, जे आठवायला नको होतं. हे वाक्य लिहिताना त्यांची पेन्सिल क्षणभर थांबली होती. हे पुराव्यात नाही, असं मनात आलं होतं. मग त्यांनी ते झटकून टाकलं. किती विद्वान आहेत आमचे साहेब, असा उलट अभिमानच वाटला होता त्यांना त्या दिवशी.

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला साहेबांनी उद्यानात काम दिलं, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या मोठेपणाचे गोडवे गायले होते. आता त्याच माणसाच्या निर्दोषपणाचा पुरावा बेचाळिसाव्या कप्प्यातून नाहीसा झाला होता. तो नाहीसा व्हावा असं वाटणारा माणूस साऱ्या जगात एकच असू शकत होता.

४

गुरुवारी बाई कामावर गेल्याच नाहीत. उशीत तोंड खुपसून त्या रडल्या. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याने पुरावा चोरावा?

पण बाईंचं अर्धं आयुष्य कोर्टात गेलं होतं. रडून झाल्यावर डोकं आपोआप चालू लागलं. साहेबांना पान दडवायचं असतं तर ते त्यांनी नोंदवलं असतं कशाला? बासन त्यांनी एकट्याने सोडलं होतं. काडी लावली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. उलट त्यांनी ते डिंक लावून नीट चिकटवलं आणि स्वतःच्या हाताने 'मे' लिहिलं. या माणसाला खोटी नोंद करवत नव्हती आणि खरं बोलवतही नव्हतं. त्यांनी पान दडवलं नाही, तोंड दडवलं. मग पान नेलं कुणी?

शुक्रवारी सकाळी त्या उद्यानात आल्या तेव्हा मुकादम एका नव्या रोपाला आधाराची काठी बांधत होते. बाई बघत राहिल्या. सुतळीचा एक वेढा काठीला, एक खोडाला, मध्ये फुली. सैलसर आठाचा आकडा.

"इतकं सैल का हो बांधता?"

"घट्ट बांधलं तर खोड कापलं जातं, बाई," मुकादम म्हणाले. "हाताला सवयच झालीय. दुसरी गाठ बसतच नाही आता."

याच गाठीने त्या बासनाची फीत बांधलेली होती. ज्याला वाचवायला त्या निघाल्या होत्या, त्यानेच पान नेलं होतं.

"मुकादम," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या खोलीत जाऊ या का?"

मुकादमांनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि सुतळीचा गुंडा खाली ठेवला.

५

खोलीत एक खाट, एक टेबल आणि परत आलेल्या पत्रांचा गठ्ठा. टेबलावर ते पान उघडंच होतं. फांदीची फुलं तपकिरी पडली होती. बुंध्याशी साल जळून काळी झाली होती. खाली प्राध्यापिकाबाईंची जागेवरच लिहिलेली चिठ्ठी, पेन्सिलीत: तारीख, वेळ दुपारी बारा, सुळक्याखालची जळकी उतरण, माझ्यासमक्ष तोडली. आणि तोडणाऱ्याचं नाव, अगदी आडनावासकट.

"तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्याची वस्तू घेतली नाही."

"दुसऱ्याची कुठे आहे? मी तोडलीय ती." मुकादमांचा आवाज चढला नव्हता, पण फुटत होता. "मंगळवारी कपाटात लावताना दिसलं. आधी काळा बुंधा दिसला, मग माझं नाव. बाई, बावीस वर्षांनी माझं नाव कुणीतरी चांगल्या कामासाठी लिहिलेलं बघितलं मी."

"मग चिठ्ठी कशाला ठेवलीत?"

"नियम आहे ना. नाव टाकायला गेलो तर हातच चालेना."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "साहेबांना का नाही दाखवलंत?"

मुकादम हसले. तसलं हसू बाईंनी पुन्हा कधी न बघावं. "त्यांना काय दाखवायचं? डिंक त्यांनीच लावलाय. कोपऱ्यात तारीख त्यांच्या हातची आहे, दोन महिन्यांपूर्वीची. दोन महिने रोज सकाळी ते माझ्यापाशी थांबतात. पाणी घातलं का, कीड पडली का, सगळं विचारतात. आणि मी येडा, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करतो."

"मी कोर्टात..."

"कोर्ट मला काय देणार आता? आई झुरून गेली. बायकोने दुसरं घर केलं, मी तिला बोल लावत नाही. पण माझी मुलगी मला खुनी समजते, बाई. चार वर्षांची होती. हे तिला पाठवणार आहे. पत्र परत येतं, हे तरी ती उघडेल का, सांगा ना." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पाकिटावर माझं अक्षर दिसलं की नाहीच उघडणार."

बाईंना बोलायला हवं होतं, आज तरी. "मुकादम, ते वाक्य मी लिहून घेतलं होतं. ते पुराव्यात नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसले."

मुकादमांनी पान उचललं, छातीशी धरलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

६

साहेब खिडकीशीच होते. बाईंनी जुनी वही उघडली आणि काही प्रस्तावना न करता तो परिच्छेद वाचून दाखवला. कंसातल्या हशासकट.

"पुरे," साहेब म्हणाले.

"पान मुकादमांकडे आहे. त्यांना सगळं कळलंय."

साहेबांनी डोळे मिटले. "मला वाटलंच होतं. म्हणून म्हटलं, शोधू नका. त्याच्याकडे ते असायलाच हवं." मग ते बोलतच सुटले. "बासन सोडलं त्या दिवशी ठरवलं होतं, आज सांगायचं. बाहेर गेलो तर तो म्हणाला, साहेब, उन्हात उभे राहू नका. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. मी माणसांना शिक्षा देताना कधी डगमगलो नाही, बाई. स्वतःची घ्यायची वेळ आली तर एवढा भ्याड निघालो. त्याला नोकरी दिली म्हणून लोकांनी माझा सत्कार केला होता, आठवतंय? हार घालून घेतला मी."

ते टेबलाशी आले. वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाले, "घ्या लिहून."

"नाही, साहेब." बाईंनी पेन त्यांच्या पुढे ठेवलं. "हे तुमच्या हाताने लिहा. दोन प्रती. एक वरच्या कोर्टाला आणि एक त्यांच्या मुलीला. खाली मीही सही करणार आहे. मला काय कळलं होतं आणि मी काय केलं नाही, ते माझं मी लिहीन."

साहेबांनी लिहिलं. दोन तास लागले. मध्येच ते हुंदके देऊ लागले तेव्हा बाईंनी पाण्याचा पेला सरकवला, पण धीर दिला नाही. द्यावासा वाटलाच नाही त्यांना.

शनिवारच्या सभेत साहेबांनी कागद उभ्याने वाचला. पान कुणी नेलं ते सांगितलं, का नेलं ते सांगितलं आणि ते ज्याचं त्याच्याकडे राहील असंही सांगितलं. मग उद्यानाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा ठेवला. मुकादमांना काढायचं कुणी नावही काढलं नाही.

पण मुकादम त्या सभेला आलेच नव्हते. बाईंनी रोपवाटिकेत जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पान बांधून त्यांच्या हाती दिलं. "पत्ता तुमच्या अक्षरात घाला," एवढंच म्हणाले. "कोर्टाला हवं असेल तर माझी मुलगी देईल. तिने बघितल्यावर."

७

तीन आठवडे काही उत्तर आलं नाही. पुडकं परतही आलं नाही. मुकादम रोज टपालाच्या वेळी फाटकाशी येत, रिकामा हात बघत आणि परत जात.

साहेबही रोज येत. खुर्ची सोडली होती, उद्यान सोडवत नव्हतं. फाटकाजवळच्या वाफ्यात बसून ते तण उपटत. मुकादम त्यांच्याशी बोलत नसत. जा असंही म्हणत नसत.

चौथ्या आठवड्यात एके सकाळी एक तरुणी फाटकातून आत आली. पंचविशी-सव्विशीची, खांद्याला प्रवासाची पिशवी, हातात स्टेनोबाईंच्या अक्षरात पत्ता घातलेलं ते पुडकं. स्टेनोबाईंनी तिला व्हरांड्यातून पाहिलं.

मुलगी भांबावून इकडेतिकडे बघत होती. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता. वाफ्यात मातीने भरलेल्या हातांनी एक म्हातारा बसला होता आणि तिला बघून त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं होतं. ती धावली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "बाबा, मी पत्रं उघडली नाहीत हो. एकसुद्धा उघडलं नाही."

साहेबांनी हात सोडवून घेतले. ते सोडवताना त्यांना किती जड गेलं, ते बाईंना लांबूनही दिसलं.

"मी नव्हे, बाळ," ते म्हणाले. "तो कागद लिहिणारा मी. ज्याने त्याला तुझ्यापासून तोडलं तो. तुझे बाबा तिकडे आहेत, रोपवाटिकेत. जा, आता एक क्षणही घालवू नकोस."

मुलगी हातातल्या मातीकडे बघत उठली. मग वळून चालू लागली.

मुकादम काचेच्या छपराखाली पाणी घालत होते. दारात सावली पडली तसं त्यांनी मान वर केली. चार वर्षांची मुलगी शोधत असलेल्या त्या डोळ्यांना समोरची बाई ओळखू आली नाही.

"रोपं हवीत का ताई?" ते म्हणाले. "विक्री सोमवारी असते."

"रोपं नकोत," ती म्हणाली. "तुम्हाला न्यायला आलेय, बाबा."

झारी त्यांच्या हातून पडली. ते आपले हात सदऱ्याला पुसत राहिले, पुसतच राहिले, जणू कितीही पुसले तरी तिला लावण्याइतके ते स्वच्छ होणारच नव्हते. शेवटी तिनेच ते ओढून आपल्या गालांवर ठेवले, आणि त्या अकाली म्हाताऱ्या झालेल्या माणसाने असा टाहो फोडला की अवघ्या उद्यानाने ऐकला.

साहेब वाफ्यातून उठून तिकडे बघत उभे होते. स्टेनोबाई व्हरांड्यातून उतरल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साहेबांच्या दंडाला धरलं.

"चला, साहेब," त्या म्हणाल्या. "हे बघायचा आपल्या दोघांनाही हक्क नाही."